सतरा हजारांच्या पगारावर किती कर्ज?

जिल्हा परिषदेच्या सेवेत कायम असलेल्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० ते १,१२,४०० अशी आहे. त्याच तालुक्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटावर घेतलेला तंत्रज्ञ काम करतो. भरतीच्या जाहिरातींत त्याचे मानधन गेली काही वर्षे महिना १७,००० रुपये असे छापून येते. बसस्टँडसमोरच्या खासगी लॅबमध्ये याच शिक्षणाचा तिसरा कोणीतरी १०-१२ हजारांवर सकाळी सातपासून रक्त काढत उभा असतो. तिघांनी शिकलेले सारखेच: शीर शोधणे, मलेरियाची काच रंगवणे, थुंकीत क्षयाचे जंतू पाहणे, सेल काउंटर चालवणे, बिघडलेला कंट्रोल ओळखणे. तिघांच्या घरी या शिक्षणासाठी झालेला खर्च मात्र सारखा नसतो, आणि पुष्कळदा सगळ्यांत जास्त खर्च केलेलाच सगळ्यांत कमी पगारावर असतो.

मेडिकल लॅबोरेटरीचे शिक्षण घ्यावे का, हा प्रश्न दरवर्षी बारावीच्या निकालानंतर हजारो घरांत निघतो. नीटचे गुण एमबीबीएसला पुरत नाहीत, नर्सिंग नको असते, फार्मसीला गर्दी असते. मग डीएमएलटी किंवा बीएमएलटी, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची पदविका किंवा पदवी. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असा फलक असतोच. नोकरी लागेल का, एवढेच बहुतेक पालक विचारतात. माझ्या मते तो प्रश्न फारसा कामाचा नाही, कारण या क्षेत्रात नोकरी लागतेच. कुठल्या ना कुठल्या लॅबला हात हवे असतात. विचारायचे ते हे, की लागणाऱ्या पगारातून किती कर्ज फिटेल. आणि त्याचे गणित ३५,४०० वर मांडायचे की १७,००० वर?

आधी शिक्षणाच्या वाटा पाहू. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी, म्हणजे बीपीएमटी, तीन वर्षांची असून पुढे एक वर्ष इंटर्नशिप असते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही जागा मिळाली तर यासारखा सौदा नाही. फी परवडते, आणि विद्यार्थी रोज मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये उभा राहतो, जिथे एका दिवसात जेवढे नमुने येतात तेवढे खासगी कॉलेजच्या प्रॅक्टिकलला वर्षभरात दिसत नाहीत. पण या जागा मोजक्या. मग खासगी विद्यापीठांची बीएस्सी एमएलटी किंवा बीएमएलटी, त्याखाली बारावीनंतरचा दोन वर्षांचा डीएमएलटी, आणि कुठलीही विज्ञान पदवी घेऊन नंतर केलेला डीएमएलटी. याशिवाय सहा महिन्यांची, कुठल्या तरी दूरच्या विद्यापीठाचे नाव लावलेली प्रमाणपत्रेही गल्लोगल्ली मिळतात.

शेवटच्या प्रकाराचा हिशेब थोडक्यात उरकता येईल. मार्च २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोगाचा कायदा केला. त्यानुसार या क्षेत्रात व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत मिळून किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी लागते. वरच्या गटासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांची पदवी. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र यात कुठेच बसत नाही. त्यावर घातलेला पैसा, वीस हजार असो की साठ हजार, परत येण्याची वाट पाहू नये.

खरा विचार करण्याजोगी निवड आहे ती खासगी पदवी आणि साधी बीएस्सी अधिक डीएमएलटी यांतली. राज्याच्या आरोग्य विभागाच्या भरतीत प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी या पदाला विज्ञानाची पदवी आणि डीएमएलटी, किंवा पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी, असे दोन्ही चालत आले आहे. म्हणजे तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात घरून ये-जा करून रसायनशास्त्रात किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी केलेली आणि नंतर मान्यताप्राप्त डीएमएलटी केलेली मुलगी, आणि वर्षाला लाखभर फी भरून खासगी विद्यापीठातून बाहेर पडलेला मुलगा, एकाच परीक्षेला, एकाच पदासाठी बसतात. वरच्या फीमधून परीक्षेत एक गुणही वाढत नाही. खासगी लॅबचा मालकही मुलाखतीत पदवीपेक्षा एवढेच पाहतो, की लहान मुलाची शीर याला एका टोचणीत सापडते का. नव्या कायद्याच्या तासांच्या अटीमुळे पदवीनंतरच्या अल्प मुदतीच्या डीएमएलटीला यापुढे कसोटी लागेल, म्हणून प्रवेशाआधी अभ्यासक्रमाचे तास आणि मान्यता लेखी मागावी. ही अडचण धरूनही कमी खर्चाचा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

आता कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत पदरचा हिस्सा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत काही गहाण ठेवावे लागत नाही. हप्ते अभ्यासक्रम संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात, मुदत पंधरा वर्षांपर्यंत मिळते. कागदावर सोपे दिसते. समजा, फी वर्षाला एक लाख, तीन वर्षे. व्याज दहा टक्के धरू. इंटर्नशिपचे चौथे वर्ष आणि सवलतीचे पाचवे वर्ष संपेपर्यंत सरळ व्याजानेच १ लाख २० हजार साचतात. मुलगा पहिला हप्ता भरायला बसतो तेव्हा तीन लाखांचे ४ लाख २० हजार झालेले असतात. दहा वर्षांची फेड घेतली तर हप्ता साधारण ५,५५० रुपये. सतरा हजारांतून तो गेला की जवळजवळ एक तृतीयांश पगार संपला. उरलेल्या साडेअकरा हजारांत जिल्ह्याच्या गावी खोली, मेस आणि दुचाकीचे पेट्रोल भागवायचे. घरी पाठवायला काही उरत नाही. उलट दिवाळीला घरूनच आणावे लागतात.

हाच हप्ता कायम तंत्रज्ञाच्या पगारात ठेवून पाहा. ३५,४०० मूळ वेतन आणि २०२५ मधला ५५ टक्के महागाई भत्ता मिळून पंचावन्न हजारांच्या घरात रक्कम जाते, घरभाडे भत्ता वेगळा. त्यातून साडेपाच हजार म्हणजे दहावा हिस्सा. जाणवतही नाही. सगळा घोळ इथेच होतो. कर्ज काढताना कुटुंबाच्या डोळ्यांपुढे हा कायम तंत्रज्ञ असतो, कारण गावात माहीत असलेला, घर बांधलेला, मुलीचे लग्न थाटात केलेला लॅबवाला तोच असतो. तो ज्या भरतीत लागला त्या काळात उमेदवार किती होते, हे कोणी विचारत नाही. राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे अठराशेहून अधिक आहेत आणि एका केंद्राला तंत्रज्ञाचे पद बहुधा एक. एकाच रुग्णालयात परिचारिकांची पदे डझनांनी निघतात; लॅबची दोन किंवा तीन. त्यातच २०१७ पासून ‘महालॅब’ या नावाने सरकारी दवाखान्यांतल्या बऱ्याच तपासण्यांचे काम केंद्र सरकारच्या एचएलएल लाइफकेअर या कंपनीकडे गेले. रुग्णाच्या दृष्टीने हे चांगले झाले: खेड्यातल्या बाईची थायरॉइडची तपासणी फुकट होऊ लागली. नोकरी शोधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र पुष्कळसे काम कायम आस्थापनेच्या बाहेर, कंपनीच्या पगारपत्रकावर गेले.

कंत्राटातून कायम होण्याची आशा अगदीच खोटी नाही. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षे पूर्ण केलेल्यांना रिक्त पदांच्या तीस टक्के मर्यादेत सामावून घेण्याचे ठरले. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये कंत्राटी कर्मचाऱ्यांना बेमुदत संपावर जावे लागले. दहा वर्षे! शैक्षणिक कर्जाची दहा वर्षांची मुदत आणि कायम होण्यासाठीची ही दहा वर्षे शेजारी ठेवली की दिसते ते असे, की ज्या पगाराच्या भरवशावर कर्ज घेतले तो पगार कर्ज फिटल्यावर येतो; आला तर.

मग किती कर्ज ठीक? यासाठी अमेरिकेतली एक मोजपट्टी उसनी घेण्यासारखी आहे. तिथे २०१५ पासून शिक्षण खाते ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाने कॉलेजनिहाय, आणि पुढे विषयनिहाय, पदवीधरांची कमाई आणि कर्ज प्रसिद्ध करते. अमुक विद्यापीठातून मेडिकल लॅबोरेटरी सायन्स केलेल्यांचे मधले उत्पन्न किती आणि डोक्यावर कर्ज किती, हे पालकाला घरबसल्या दिसते. या आकड्यांत सरकारी मदत घेतलेलेच विद्यार्थी मोजले जातात, ही त्यांची मर्यादा; तरी काहीच नसण्यापेक्षा फार बरे. तिथल्या श्रम खात्याच्या नोंदीप्रमाणे मे २०२४ मध्ये लॅब टेक्नॉलॉजिस्ट व टेक्निशियन यांचे मधले वार्षिक वेतन ६१,८९० डॉलर होते. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी स्वतःच्या नावे सरकारी कर्ज जास्तीत जास्त ३१,००० डॉलर मिळते. २०२५-२६ च्या ६.३९ टक्के व्याजाने दहा वर्षांचा हप्ता येतो सुमारे ३५० डॉलर, म्हणजे त्या मधल्या पगाराच्या सात टक्क्यांहून कमी. नवख्याचा पगार यापेक्षा कमी असतो आणि पालकांच्या नावे काढलेली कर्जे यात नाहीत, हे ध्यानात ठेवून म्हणतो: त्या देशात ही पदवी, महागड्या खासगी कॉलेजचा सोस सोडला तर, स्वतःचा खर्च भरून काढते.

त्याच सरकारने धंदेवाईक कॉलेजांसाठी आणि पदवी नसलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी एक नियम केला. पदवीधराचा वर्षाचा हप्ता त्याच्या वार्षिक कमाईच्या आठ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर गरजा भागून उरणाऱ्या उत्पन्नाच्या वीस टक्क्यांच्या आत. दोन्हींत नापास होत राहणाऱ्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज बंद. हा नियम २०१४ मध्ये आला, २०१९ मध्ये रद्द झाला, २०२३ मध्ये परत आला. जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने आणखी एक कसोटी आणली, की पदवीधर निदान शाळा संपवून कामाला लागलेल्यापेक्षा जास्त कमावतो का. ही नवी कसोटी कमाई बघते आणि कर्जाकडे डोळेझाक करते, म्हणून मला जुना आठ टक्क्यांचा आकडाच जास्त उपयोगी वाटतो.

तो आपल्याकडे लावू. सतरा हजारांचे आठ टक्के म्हणजे १,३६० रुपये. दहा टक्के व्याजाने दहा वर्षे एवढा हप्ता भरला तर फिटते ते कर्ज सुमारे १ लाख ३ हजारांचे. तेही हप्ते सुरू होतानाचे. साचलेले व्याज वजा केले तर मूळ उचल सत्तर-पंचाहत्तर हजारांच्याच आत हवी. पंचावन्न हजारांच्या सरकारी पगारावर हीच मर्यादा ३ लाख ३० हजारांच्या आसपास जाते. आपल्याकडे मुलगा बहुधा घरी राहतो, लग्नापर्यंत जबाबदाऱ्या वाटलेल्या असतात, म्हणून मी अमेरिकेइतका कडक होणार नाही. पगाराच्या पंधरा टक्क्यांपर्यंत हप्ता सोसता येईल असे धरले तरी आकडा दोन लाखांच्या अलीकडेच थांबतो. या शिक्षणासाठी हप्ते सुरू होताना दोन लाखांच्या वर कर्ज असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खासगी विद्यापीठाची चार वर्षे, वसतिगृहासह, या आकड्यात क्वचितच बसतात.

सरकारी सवलती आहेत, पण त्या कोणाच्या पदरात पडतात ते पाहावे. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत अभ्यासक्रम आणि पुढचे एक वर्ष एवढ्या काळाचे व्याज सरकार भरते. वरच्या उदाहरणातले १ लाख २० हजार यातून वाचतात. त्यासाठी संस्था मूल्यांकन झालेली आणि अभ्यासक्रम मान्य असावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तीन टक्के व्याज सवलत देते, मात्र देशातल्या निवडक संस्थांतच. गल्लीतले पॅरामेडिकल कॉलेज त्या यादीत नसते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणारी प्राप्तिकराची वजावट तर या वर्गासाठी नुसती शोभेची: वर्षाला दोन लाख चार हजार मिळवणाऱ्याला करच नाही, मग वजावट कशातून घेणार?

खरा फरक पाडणारा निर्णय राज्याचा आहे. जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मध्यवर्ती फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्याला हे लागू नाही. म्हणजे एकाच घरात बहिणीला जी पदवी वसतिगृह आणि जेवणाच्या खर्चात पडते, ती भावाला कर्ज काढून घ्यावी लागते. अशा घरात बहिणीला लॅबकडे आणि भावाला अनुदानित बीएस्सीकडे पाठवणे हा हिशेब चुकीचा नाही. पण ज्यांना मुलगी ‘एवढ्या लांब’ पाठवायची नसते, ते गावाजवळच्या मान्यता नसलेल्या कोर्सला साठ हजार भरतात आणि माफीची जागा सोडून देतात. हे सर्रास चालते.

आणि बँकेच्या नोंदीत कधीच न दिसणारे कर्ज? माझ्या मते या विषयातला सगळ्यांत मोठा भाग तोच. मान्यता धड नसलेल्या कोर्सला बँक शैक्षणिक कर्ज देत नाही. वडिलांचे आधीचे पीककर्ज थकीत असेल तर मान्यता असूनही बँकेत चकरा होतात, कारण सहकर्जदार तेच. मग आईच्या पाटल्या सोनेतारणात जातात, पतसंस्थेतून वैयक्तिक कर्ज निघते, बचत गटातून आईच्या नावावर उचल होते, नाहीतर सोयाबीनचे पैसे आल्यावर देतो म्हणून आडत्याकडून घेतात. यातल्या कशालाही शिक्षण संपेपर्यंत थांबण्याची सवलत नाही. पतसंस्थेचे दीड लाख चौदा टक्क्यांनी घेतले तर नुसते व्याज महिन्याला १,७५० रुपये, तेही पहिल्या महिन्यापासून, मुलगा अजून रक्तगट शिकत असताना. व्याज अनुदान नाही, हमी नाही. सर्वांत महागडे कर्ज अशा रीतीने सर्वांत कमकुवत कोर्सला जाऊन चिकटते. शैक्षणिक कर्जाच्या थकबाकीवर धोरणे आखणाऱ्यांच्या नजरेस हे घर पडतच नाही.

‘नोकरी नको, स्वतःची लॅब टाकू’ हे वाक्य या टप्प्यावर हमखास येते. एकेकाळी त्यात तथ्य होते. तालुक्याच्या गावी एक सूक्ष्मदर्शक, एक सेंट्रीफ्यूज आणि सेमी-ऑटो ॲनालायझर घेऊन बसलेल्यांनी घरे उभी केली. आता यंत्र मिळवणे सोपे आहे: दरमहा ठरावीक रकमेचे रीएजंट घेण्याच्या बोलीवर कंपन्या यंत्र ठेवून जातात. पण नमुने कमी आले तरी रीएजंटचे बिल येते. सहीचा प्रश्न त्याहून मोठा. १२ डिसेंबर २०१७ रोजी गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच अहवालावर सही करावी, ही भूमिका कायम ठेवली. पुढे केंद्राच्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट नियमांत २०२० मध्ये प्राथमिक तपासण्यांच्या लॅबसाठी एमबीबीएसची सही मान्य झाली, पण तो केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. तंत्रज्ञाच्या लॅबला सही उसनी आणावी लागते, आणि एकाच वेळी अनेक गावांच्या अहवालांवर सह्या करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टविरुद्ध त्यांच्याच संघटनेने आवाज उठवलेला आहे. वर डॉक्टरांचा ‘कट’ आहेच. एवढ्यावर मुद्रा योजनेतून पाच-दहा लाख उचलणे म्हणजे शिक्षणाच्या कर्जावर धंद्याचे कर्ज चढवणे. याला उत्तर म्हणून थायरोकेअर या लॅब कंपनीचे संस्थापक वेलुमणी यांचे नाव घेतले जाते. वेलुमणी भाभा अणुसंशोधन केंद्रात वर्षानुवर्षे काम केलेले, थायरॉइडच्या जीवरसायनशास्त्रात पीएचडी घेतलेले शास्त्रज्ञ होते. डीएमएलटीच्या वर्गात त्यांची गोष्ट सांगणाऱ्यांनी निदान हे तरी सांगावे.

परदेशाची वाट खरी आहे, पण तिचे दार प्रवेशाच्या दिवशीच उघडते किंवा बंद होते. आखाती देशांत परवाना देण्याआधी प्रत्येक प्रमाणपत्र थेट ते देणाऱ्या संस्थेकडून पडताळून घेतात; रत्नागिरी-रायगडातल्या आखाताशी जुनी ये-जा असलेल्या घरांना हे चांगले ठाऊक आहे. विद्यापीठाने उत्तर दिले नाही किंवा कोर्सच त्यांचा नाही असे कळवले, की अनुभवाची पाच वर्षेही मोजली जात नाहीत. ब्रिटनमध्ये ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे पद हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही. नोंदणी झाली तर इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत पाचव्या श्रेणीची सुरुवात २०२५-२६ मध्ये वर्षाला ३१,०४९ पौंड होती. जर्मनीने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या कायद्यात या व्यवसायाच्या प्रशिक्षणार्थीला शिकतानाच वेतन देणे बंधनकारक केले. तिथे विद्यार्थी कर्ज काढत नाही, महिन्याला कमावतो. जर्मन भाषा नीट शिकण्याची दोन वर्षांची चिकाटी असेल तर बारावी झालेल्या मुलाने ही शक्यता खासगी बीएमएलटीच्या आधी तपासावी.

आपल्याकडे कमाईचे आकडे कोणी प्रसिद्ध करत नाही, त्यामुळे ते मिळवण्याचे काम पालकावरच पडते, आणि ते फार अवघड नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकावरचे फोटो बाजूला ठेवून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीतल्या पाच जणांचे फोन नंबर मागावेत. आत्ता कुठे आहात, हातात किती येतात, हप्ता किती जातो, एवढे तीन प्रश्न पुरतात. जवळच्या दोन लॅबमध्ये जाऊन त्या कॉलेजची मुले घेता का, हे विचारावे. लॅबवाले खरे बोलतात, त्यांना लपवण्यासारखे काही नसते. नंबर द्यायला कॉलेज टाळाटाळ करत असेल तर व्यवस्थापन कोट्याची पावती फाडण्याआधीच उठून यावे. आणि परतताना वाटेत अनुदानित महाविद्यालय असेलच. तिथे बीएस्सीच्या दुसऱ्या फेरीची तारीख विचारून घ्यावी.